वीरगळ आणि सात नंबरचा फॉर्म

सोयाबीनच्या मळणीचा धुरळा यंदाही आला. दसरा झाला की मुखेडच्या चहूबाजूंनी मळणी यंत्रं सुरू होतात आणि हवेत एक बारीक, खरखरीत भुसा तरंगत राहतो. तो दोरीवरच्या कपड्यांत जातो, माठाच्या झाकणावर बसतो, नाकात शिरतो. शाळेत निम्मा वर्ग शिंकत असतो. लोकांना हा वास सुगीचा वाटतो, मला निवडणुकीचा वाटतो. परवा तहसीलमधून फोन आला. "सर, यंदा पण मतदार जागृतीचं पोस्टर तुम्हीच करायचं बरं का. तसलंच करा, त्या भिंतीवरच्यासारखं." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. तसलं पुन्हा करता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला फोनवर कसं सांगायचं?

मी चित्रकलेचा मास्तर. एकोणतीस वर्षं पोरांना स्थिरचित्र शिकवतोय आणि पोरं एकोणतीस वर्षं तांब्या वाकडा काढतायत. स्वभाव कुरकुऱ्या. रंग महाग झाले म्हणून कुरकुर, जिकडंतिकडं फ्लेक्स लागले म्हणून कुरकुर, ब्रश पाण्यात तसाच ठेवला म्हणून कुरकुर. ऐकून घेणारं माणूस घरात होतं तोवर त्या कुरकुरीला काही अर्थ होता. आता बोललो तर माझाच आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडं येतो, म्हणून घरात फारसा बोलत नाही. ज्या सुगीबद्दल मी सांगतोय, त्या सुगीत विमलला जाऊन सहा महिने झाले होते.

विमल माझी बायको. माहेर चाकूर तालुक्यातलं. ती अंगणवाडी सेविका होती आणि त्या जोडीला बीएलओ. म्हणजे मतदार यादीचा एक भाग तिच्या ताब्यात. त्यातली सगळी घरं पायी फिरायची, अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायची, नवी सून आली की तिचं घालायचं, कुणी गाव सोडलं की कमी करायचं. आणि कुणी वारलं की त्या घरी जाऊन सात नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. नाव वगळण्याचा फॉर्म तो. बाकीचे बीएलओ ह्या कामाला टाळाटाळ करायचे. दुःखाच्या घरी कागद घेऊन कोण जाणार? विमल जायची. परत आली की त्या दिवशी टीव्ही लावू द्यायची नाही. पण फॉर्म भरून आणलेला असायचा. मी एकदा म्हणालो, "राहिलं एखादं नाव यादीत तर काय बिघडलं?" तर म्हणाली, "गेलेल्या माणसाला कामून रांगेत उभं करायचं? दमून गेलेलं असतंय ते."

तिच्या आजारपणात महिन्यातून दोनदा आम्ही एसटीनं लातूरला जायचो. जांब, शिरूर ताजबंद, अहमदपूर, चाकूर, मग लातूर. तिला खिडकी लागायची. आता लातूरच्या दवाखान्यात निघालेलं माणूस खिडकीतून शेतं बघेल, आभाळ बघेल. ही बाई प्रत्येक फाट्यावर लावलेले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स वाचायची. बस थांबली की मान पुढं काढून नाव, गाव, वय सगळं वाचणार आणि मला सांगणार, "ह्यांचं नाव कमी झालं का न्हाई, कोण जाणे." मी वैतागायचो. "अगं, तुझ्या यादीतला नाही तो." "माझ्या न्हाई, कुणाच्या तरी हायच की." चाकूर जवळ आलं की मात्र गप्प बसायची. तिथं तिला ओळखीची माणसं त्या फ्लेक्सवर दिसायची.

एक सांगितलं पाहिजे. तीस वर्षांच्या संसारात विमलनं कुणाला मत दिलं, हे मला एकदाही कळलं नाही. मी खोदून खोदून विचारायचो, माझं सांगून टाकायचो, म्हणजे तिनंही सांगावं. ती पोळी लाटत नुसती हसायची. "बीएलओला असलं इचारत नसतात." मला राग यायचा. नवऱ्यापासून काय लपवायचं? आता वाटतं, तेवढं एक तिचं स्वतःचं होतं आणि ते तिनं नीट सांभाळलं.

ती गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सगळीकडून तिचं नाव कमी झालं. रेशनकार्डावर तांबड्या शाईनं रेघ आली. बँकेचं पासबुक बंद. अंगणवाडीच्या भिंतीवर 'सेविका' म्हणून रंगवलेलं नाव पुसून दुसरं लिहिलं गेलं. ते आधीचं नाव मीच रंगवलं होतं, आणि नवंही मलाच रंगवायला सांगतात की काय, ह्या धास्तीनं मी आठ दिवस त्या गल्लीनं गेलो नाही. एकच जागा उरली होती. मतदार यादीत माझ्या नावाखाली तिचं नाव होतं. शेजारच्या चौकोनात फोटो, ज्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले. त्या फोटोवरून तिनं स्वतःलाच किती नावं ठेवली होती. पण सरकारच्या लेखी ती ह्या घरात राहत होती, माझी पत्नी होती, आणि मत द्यायला पात्र होती. मी सात नंबरचा फॉर्म भरला नाही. विसरलो नव्हतो. भरायचाच नव्हता मला. कुणाचं काही अडत असेल तर अडू दे, असं ठरवून बसलो होतो.

आणि अडत होतं. विमलच्या जागी तो भाग मंगल कांबळेकडं आला होता. मंगल आधी विमलच्याच हाताखाली मदतनीस होती, पुढं सेविका झाली. निवडणूक लागली तसं प्रत्येक बीएलओला लिहून द्यायचं होतं की माझ्या भागात एकही मयत मतदार शिल्लक नाही. खाली सही. खोटं निघालं तर नोटीस. मंगल त्या महिन्यात तीनदा घरी आली. चहा घेतला, सोयाबीन यंदा ओलं हाय म्हणाली, पोराची दहावी हाय म्हणाली. तिच्या पिशवीतून फॉर्मचा कोपरा बाहेर डोकावायचा. माझी नजर तिकडं गेली की ती पिशवी मांडीखाली सारायची. तिसऱ्या वेळी मीच चिडून म्हणालो, "काय सांगायचंय ते सांगून टाक की." तिनं कप खाली ठेवला. "काय न्हाई सर. मी शेजाऱ्यांचा पंचनामा करून बी नाव काढू शकते. पण ताईंचं नाव मी असं काढणार न्हाई. तुमच्या हातनं होईल तवा होईल." "आणि तुझं ते लिहून द्यायचं?" "बगू. देईन सही करून." म्हणजे माझ्यासाठी ही बाई खोट्यावर सही करणार होती. मला लाज वाटली, पण फॉर्म मी मागितला नाही.

त्याच आठवड्यात तहसीलमधून पोस्टरचं बोलावणं आलं होतं. निवडणूक शाखेतले नायब तहसीलदार तसे भले माणूस, पण आचारसंहितेनं घाबरून गेलेले. म्हणाले, "सर, दरवर्षी तेच बोट आणि तीच पेटी. लोक बघत पण नाहीत. काहीतरी आपल्या मातीतलं करा. पण निष्पक्ष पाहिजे. एकदम निष्पक्ष." मजकूर त्यांनीच दिला. यादी बघा, नाव नसेल तर घाला, घरातलं माणूस वारलं असेल तर कळवा. ही शेवटची ओळ मी वाचली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांना काय माहीत.

आपल्या मातीतलं म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आमच्या तालुक्यात, देगलूरकडं, होट्टलच्या वाटेवर गावोगाव वीरगळ आहेत. कधीकाळी गावासाठी लढताना, नाहीतर गावची गुरं चोरांपासून सोडवताना कुणी मेला, त्याच्या आठवणीचा हा दगड. गावाच्या वेशीवर, ओढ्याकाठी, कुठं बांधाला टेकलेला. मी पोरांना सहलीला नेऊन दाखवायचो. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, गुरं, पडलेला माणूस. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या बायका. त्याच्यावर तो हात जोडून देवापुढं बसलेला. अगदी टोकाला सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते दोघं आहेत तोवर ह्याची आठवण राहील. अक्षर एकही नाही, आणि असलं तरी झिजलेलं. वाचता न येणाऱ्या माणसांना कळावी म्हणून दगडात काढलेली बातमी. आपल्याकडं भर रस्त्यात चित्र लावून गावाला सांगायची रीत फ्लेक्सनं आणली नाही, ती आठशे-हजार वर्षं जुनी असावी. आणि त्या दगडावर कुणाच्या बाजूनं लढला हे कळत नाही. फक्त लढला एवढं कळतं. ह्याहून निष्पक्ष काय असणार?

मी दोन दिवस होट्टलच्या जुन्या दगडी देवळात बसून स्केचेस केली. खूश होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा हाताला काही सुचत होतं. कच्चं चित्र घेऊन नायब साहेबांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली आणि वरून सुरुवात केली. "सूर्य नको, सर. चिन्ह आहे." "साहेब, वीरगळावर सूर्य-चंद्र असतातच." "चंद्र ठेवा. सूर्य काढा." मग खाली आले. "हे खाली कमळ?" "देवळाचा पाया आहे तो, नक्षी." "काढा. हा हत्ती?" "होट्टलच्या भिंतीवर आहे." "तिथं राहू द्या, इथं काढा. धनुष्य काढा. हाताचा पंजा असा उघडा नको." माझा पारा चढत होता. "मग शाईचं बोट कुणाच्या हाताला दाखवू?" "मूठ मिटून एकच बोट. मागून दाखवा." मग त्यांनी ड्रॉवरमधून अपक्षांच्या चिन्हांची यादी काढली. त्यात नारळ होता, कपबशी होती, छत्री होती, शिट्टी होती, कढई होती. घरात जी जी वस्तू म्हणून असते ती सगळी कुणाला ना कुणाला मिळालेली किंवा मिळण्यासारखी. मी हात टेकले. "साहेब, मग राहिलं काय? काढू काय मी?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि गरिबासारखं तोंड करून म्हणाले, "माणसं काढा, सर. माणसांना अजून कुणी चिन्ह म्हणून घेतलेलं नाही."

तेव्हा मी चिडूनच उठलो होतो, पण खरं सांगायचं तर ते बरोबर बोलले. कमळ, हत्ती, सूर्य सगळं गेल्यावर तीन रिकाम्या चौकटी उरल्या आणि त्यात फक्त माणूस बसवायचा होता. मी कुणी एक पुरुष काढायला बसलो, तो निवडणुकीच्या जाहिरातीतला वाटला. म्हातारा काढला, तो केविलवाणा झाला. मग बाई काढली. ती मात्र हातातून सरळ उतरली.

पोस्टर छापायला नांदेडला गेलं, पण एक नमुना मी भिंतीवरच करून देतो म्हणालो. मुखेडपासून दहा-पंधरा किलोमीटरवरचं गाव. नाव सांगत नाही, उगीच गावाचं हसं नको. ग्रामपंचायतीच्या भिंतीला आधी चुना दिला. गेरू, चुना आणि काजळी एवढ्याच रंगांत काम केलं, दगडासारखं दिसावं म्हणून. तळाच्या चौकटीत बाई भिंतीवरच्या यादीत बोट फिरवून नाव शोधतेय. मधल्या चौकटीत दोघीजणी तिच्या दोन्ही बाजूंना, तिघी मिळून केंद्राकडं चालल्यात. वरच्या चौकटीत ती एकटी, मूठ मिटलेली, एक बोट वर. टोकाला एकटा चंद्र. खाली साहेबांच्या तीन ओळी. दोन दिवस लागले. गावात कुणी नव्हतं, सगळे रानात मळणीला. यंत्राचा आवाज लांबून यायचा आणि भुसा ओल्या गेरूवर चिकटायचा. पाणी विचारायलाही कुणी आलं नाही. मला ते बरंच वाटत होतं. काम संपल्यावर ब्रश धुतले, डबा न खाताच परत आलो.

आठवडाभरानं त्या गावच्या ग्रामसेवकाचा घाबरलेला फोन. "सर, तुम्ही इकडं या. लोकांनी तुमच्या चित्राला नारळ फोडले." मला वाटलं थट्टा करतोय. जाऊन बघतो तर खरंच. भिंतीखाली नारळाच्या करवंट्या, उदबत्तीची राख, चुन्यावर हळदी-कुंकवाची बोटं, आणि मधल्या चौकटीतल्या बाईच्या कपाळावर बरोबर मध्ये कुंकू. ग्रामसेवक कपाळाला हात लावून बसलेला. "आचारसंहिता चालू हाय सर. नारळ हे चिन्ह हाय." काय झालं होतं ते लवकरच उलगडलं. त्या गावात मळणी उरकल्यावर ओढ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढं नारळ फोडायची रीत आहे. तो दगड म्हणजे वीरगळच. त्या वर्षी ओढ्याच्या वाटेला चिखल. आणि गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसलाच तांबडा, तीन चौकटींचा, वर चंद्र असलेला देव उगवलेला. पहिल्या कुणीतरी नारळ फोडला, मग सगळ्या गावानं. खालच्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत. वाचायचा दगड नसतोच तो.

मी हसलो. जोरात हसलो, पोट धरून. सहा महिन्यांत हसलो नव्हतो, त्यामुळं ते हसू जरा विचित्रच निघालं असावं, कारण ग्रामसेवक माझ्याकडं काळजीनं बघायला लागला. तेवढ्यात तिथं गयाबाई आल्या. सत्तरीच्या पुढची बाई, हातात नारळ, डोक्यावर पदर. ग्रामसेवकानं त्यांना सांगितलं, मावशी, हा देव न्हाई, सरकारी चित्र हाय, ह्या सरांनी काढलंय. त्यांना काही फरक पडला नाही. देव काढणारा माणूसच असतोय, म्हणाल्या. मग चित्राजवळ जाऊन खालून वर, अगदी नीट, एकेक चौकट बघत गेल्या. मी आयुष्यात इतक्या पोरांना वीरगळ दाखवला, असं कुणी बघितलं नव्हतं. वर पोचल्यावर माझ्याकडं वळल्या.

"सूर्य कुठं हाय?"

"साहेबांनी काढून टाकायला लावला, मावशी."

"असू दे." पुन्हा मधल्या चौकटीकडं बघितलं. "ही बाई कोण? कशात गेली?"

मी म्हणणार होतो, कुणी गेलेलं नाही, ती मतदानाला निघालीय. तोंड उघडलं आणि मला दिसलं. डावा खांदा किंचित खाली, वर्षानुवर्षं पिशवी अडकवून झालेला. चालताना पुढं काढलेली मान. आणि डोळे अर्धे मिटलेले. मी जी बाई सरळ हातातून उतरली म्हणत होतो, ती कोण होती हे भिंतीसमोर दोन दिवस उभं राहूनही मला कळलं नव्हतं, आणि ह्या अनोळखी बाईनं दोन मिनिटांत ओळखलं होतं की असा दगड गेलेल्या माणसाचाच असतो.

"माझी मंडळी हाय," मी म्हणालो. "आजारानं गेली. चैत्रात."

हे मी तोवर कुणाला असं सांगितलंच नव्हतं. लोकांना आधीच माहीत असायचं, नाहीतर मी विषय बदलायचो. गयाबाईंनी मान हलवली. हातातला नारळ भिंतीखाली ठेवला, फोडला नाही. "लेकरं?" म्हणाल्या. "एक मुलगी, पुण्यात." "मग घरी?" "मीच." गयाबाई पुन्हा भिंतीकडं वळल्या. पदरानं त्या कपाळावरचं पसरलेलं कुंकू जरा नीट केलं आणि गेल्या. मी ग्रामसेवकाला म्हणालो, हे नारळ-कुंकू धुऊन टाका सगळं, मी ओळी तेवढ्या ठळक करून देतो. आणि 'घरातलं माणूस वारलं असेल तर कळवा' ही ओळ मी काजळीनं पुन्हा एकदा गिरवली. प्रत्येक अक्षर.

परत येताना बसमध्येच मंगलला फोन केला. उद्या फॉर्म घेऊन ये म्हणालो. ती हाव म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली. ओट्यावर बसलो. अर्जदाराचं नाव, ज्याचं नाव वगळायचं त्याचं नाव, अर्जदाराशी नातं. नात्यापुढं 'पत्नी' लिहिलं. कारण: मृत्यू, मग स्थलांतर, मग दुबार नोंद. मृत्यूपुढच्या चौकोनात खूण करायची होती. चित्रकलेचा मास्तर मी, एक साधी खूण मला सरळ येईना. तीन तुकड्यांत केली. सही केली आणि पेन टेकवून बसलो. आता ती कुठंच नाही, एवढं एकच डोक्यात. मंगलनं फॉर्म फाईलमध्ये घातला आणि पिशवीतून एक जुनी, पुठ्ठ्याच्या कव्हराची वही काढली.

"सर, ही ताईंची वही. मला काम देताना दिली होती. म्हणल्या होत्या, सरांचा फॉर्म भरून झाला की मगच दाखव. त्याच्या आधी न्हाई."

मी वही उघडली. विमलचं अक्षर. पहिल्या पानावर वर लिहिलेलं: 'वाटेत निवडणुकीवर बोलू नये.' खाली रेघा मारून तीन रकाने. कोण गेलं. मागं कोण राहिलं. मतदानाला कसं न्यावं. ज्या ज्या घरात तिनं सात नंबरचा फॉर्म भरून घेतला होता, त्या प्रत्येक घरातल्या मागं राहिलेल्या माणसाची नोंद. 'रुक्मिण. मागं नवरा. दिसत नाही. हात धरून न्यावं.' 'सदाशिव. मागं काशीबाई. गुडघे. मोटारसायकल बघावी.' 'थोरला भाऊ. मागं धाकटा. कुणाशी बोलत नाही. हाक मारू नये, दारासमोर नुसतं थांबावं, आपण होऊन येतो.' पानामागून पानं. मतदानाच्या दिवशी विमल पहाटे निघायची ती दुपारपर्यंत दिसायची नाही, आणि मी म्हणायचो, सरकारनं हिला विकत घेतलंय. मंगल सांगत होती, "ताई म्हणायच्या, नाव कमी करणं सोपं हाय. पण दोघं मिळून जाणारं माणूस पहिल्यांदा एकटं निघतंय ना, ते अर्ध्या वाटेतून माघारी फिरतंय. लई जण फिरतात."

शेवटची नोंद शेवटच्या पानावर होती. अक्षर वाकडं झालेलं, लातूरच्या खेपा सुरू झाल्यानंतरचं.

'विमल. मागं सर. एकटे. सकाळी साडेसातच्या आत न्यावं, नंतर कुरकुर करतात आणि दुपारी झोपतात. हात धरायची गरज नाही. सोबत चालावं.'

मी ते किती वेळ वाचत होतो, माहीत नाही. मंगल उठून घरात गेली आणि तिनं आपल्याच घरात असल्यासारखा चहा ठेवला. मी रडलो, हे सांगायला मला आता काही वाटत नाही. तिनं माझी नोंद केली होती. मला एवढंच दिसत होतं की माझ्या नावावर एक ओळ होती, आणि ती बरोबर होती.

मतदानाच्या दिवशी मंगलची केंद्रावर ड्यूटी होती. मला वाटलं आता कोण येणार. तरी पाचलाच उठलो, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कुणी हाक मारायला यायच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. सव्वासातला फाटक वाजलं. मंगलची सासू. हातात पिशवी, पायात नव्या चपला. ओळख फारशी नाही. "मंगलनं पाठवलंय," म्हणाल्या. मी दाराला कुलूप लावलं. त्या फाटकाबाहेर थांबल्या होत्या आणि मी शेजारी येईपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही.